त्रेचाळीस हरणं, प्रत माहितीस्तव

कागदाच्या खाली डाव्या अंगाला 'प्रत माहितीस्तव' असं लिहून तीन नावं टाकली नाहीत, तर तो कागद मला मीठ न वाढलेल्या ताटासारखा वाटतो. ही माझी जुनी खोड. सातवीनंतरचं माझं सगळं शिक्षण आमच्या महिला दूध संस्थेच्या इतिवृत्ताच्या वह्या वाचून झालं. सेक्रेटरी म्हणून लागले त्या दिवशी कुणी काही शिकवलं नाही, कपाटाची किल्ली तेवढी हातात दिली. आत अठरा वर्षांच्या वह्या होत्या. त्या मी पोथीसारख्या वाचल्या. 'सर्वानुमते ठरले' हे शब्द दिसले की माझ्या अंगावर अजून काटा येतो. आमच्या घरात चहात साखर किती घालायची हे आजवर सर्वानुमते ठरलेलं नाही, आणि इथं चाळीस बाया एका ओळीवर सह्या करून मोकळ्या होतात!

तर या खोडीपायी माझी पोरगी जवळजवळ गुन्हेगार झाली आणि मग आफ्रिकेला गेली. त्याची ही हकीकत.

त्या साली आमच्या नेकनूरकडच्या भागात पाऊस आलाच नाही असं नव्हे. आला, इकडंतिकडं बघितलं आणि गेला. दिवाळीनंतर जनावरं छावणीत गेली, टँकर तिसऱ्या दिवशी यायला लागला आणि संस्थेतल्या दुधाच्या कॅन अकरावरून चारवर आल्या. अशात एका संध्याकाळी शिवकन्या, माझी मुलगी, घरून जाऊन-येऊन बीडच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, फोन घेऊन माझ्यापुढं बसली.

"आई, केनियात एक कॅम्प हाय. तीन महिने. तमाम जगातून दहा पोरंपोरी घेणार. जाण्यायेण्याचं, राहण्याचं सगळं तेच बघणार."

"करायचं काय तिथं?"

"तिकडंबी दुष्काळ हाय. पाणवठ्यावर पाणी सोडायचं अन् हत्ती मोजायचे."

मी वडलांना विचार म्हटलं. आमचे हे, बद्रीनाथ, एसटीत कंडक्टर आहेत. आयुष्यभर गर्दीत बोलल्यामुळं घरात ते फार कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "हत्तीला पाणी?" ती हो म्हणाली. "केनियात?" ती हो म्हणाली. मग सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बघा तुमी मायलेकी." आमच्याकडं याला परवानगी म्हणतात.

बातमी सकाळच्या दुधाच्या वेळेला गावभर झाली. शेजारच्या सरूबाईंनी सल्ला दिला की सिंहाचं काही नाही, तो पोट भरलेलं असलं की झोपतो, पण तिकडचं पाणी बाधतं, तेव्हा पोरीबरोबर सुंठ द्या. नेकनूरला ऑनलाइनचं दुकान चालवणारा बंकट म्हणाला, आधी पासपोर्ट, मग ताप येऊ नये म्हणून सुई, मग बाकीचं. आणि संस्थेच्या चेअरमन केशरबाई, वय पासष्ट, आवाज टँकरच्या हॉर्नएवढा, भर रांगेत म्हणाल्या,

"मुक्ते, इथं माणसाला घागर भेटंना, अन् तुझी लेक इमानात बसून हत्तीला पाजाया चालली? कावून? आपल्या म्हशींनी काय पाप केलतं?"

खरं सांगायचं तर मला त्यांचंच बरोबर वाटलं. मी कॅन विसळायला घेतली आणि उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर स्वतःवर चिडून राहिले.

पासपोर्टची दरखास्त गेली. पोलिसांची चौकशी तेवढी बाकी राहिली. फॉर्म बंकटनं भरला. मग एक रकाना आला. उमेदवारानं वन्यप्राण्यांसोबत काम केलं असल्याचं एखाद्या संस्थेचं पत्र जोडावं, महिनाअखेरच्या आत.

"लिहा ना, वीस वर्षं केलं म्हणून," बंकट म्हणाला.

"ती एकवीस वर्षांची हाय बे," मागं झेरॉक्ससाठी उभा असलेला कुणी तरी म्हणाला.

पण काम तिनं खरंच केलं होतं. आमच्या संस्थेच्या मागं, माळाच्या तोंडाला, जनावरांना पाणी प्यायची दगडी डोण आहे. जनावरं छावणीत गेल्यावर ती कोरडी पडली. शिवकन्या त्यात कॅन विसळलेलं दुसरं पाणी ओतायची, आणि आपल्या आंघोळीतली अर्धी बादली वाचवून तीही. उजाडताना माळावरून हरणं यायची आणि पिऊन जायची. जुन्या फॅटच्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर ती रोज टिपून ठेवायची. किती आली, कुठून आली, आधी कोण प्यालं, शेवटी कोण. चार महिन्यांत एक दिवस चुकली नव्हती. मी स्वतः ती हरणं कधी नीट बघितली नव्हती. त्या वेळेला माझी चूल पेटवायची धांदल असायची. माळावर काही तरी हललं की "आली गं तुझी" एवढं म्हणायची.

राहिलं संस्थेचं पत्र. माझ्या ओळखीत शिक्का असलेली संस्था एकच होती, आणि तिची सेक्रेटरी मीच होते. आणि संस्थेचं पत्र म्हणजे ठराव, एवढं मला वह्यांनी शिकवलेलं. ठराव क्रमांक सात मी रात्रभर मनात घोळवला आणि सकाळी लिहिला. 'संस्थेच्या देखरेखीखाली सध्या त्रेचाळीस हरणे असून त्यांच्या पाण्याची व निगेची संपूर्ण जिम्मेदारी कु. शिवकन्या बद्रीनाथ हिच्यावर सोपविण्यात आलेली आहे. सर्वानुमते ठरले.' आता 'हरणं येतात आणि पाणी पितात' असंही लिहिता आलं असतं. पण त्यात काही भारदस्तपणा नव्हता. 'देखरेखीखाली' म्हटलं की कसं, मागं कुंपणाचा मोठा वाडगा आहे, चौकीदार आहे, असं वाटतं.

दूध गोळा करायची गाडी हॉर्न मारत असताना मी केशरबाईंसमोर वही धरली.

"काय हाय?"

"हरणांचा ठराव."

"मागच्या साली माझी तूर खाल्लीती त्यांनी. त्यांचा कसला ठराव?"

"पाण्याचा. करा ना सही, मावशी. गाडी थांबलीय."

त्यांनी अनुमोदक म्हणून सही केली. बंकटनं त्याचं इंग्रजी करून, शिक्क्यासकट केनियाला पाठवलं. इथपर्यंत ठीक होतं. पण मी पत्राच्या खाली नजर टाकली, तर डावं अंग मोकळं. मला राहवेना. 'प्रत माहितीस्तव' लिहिलं आणि तीन नावं टाकली. एक, तालुक्याची सहकार कचेरी. दोन, जनावरांचा दवाखाना. तीन, वन खातं. आणि नुसती लिहून थांबले असते तर मी मी कसली! तिन्ही प्रती दुपारच्या बसनं ह्यांच्याच हाती धाडल्या.

आमच्याकडचा कागद एरवी आठ आठ दिवस साहेबाच्या टेबलापर्यंत पोचत नाही. या तीन प्रती तीन दिवसांत पोचल्या.

पहिला माणूस आला दवाखान्यातून. राधाकिशन, जनावरांना लस टोचायचं आणि कानात पिवळे बिल्ले मारायचं काम त्याच्याकडं. त्या साली छावणीतल्या एकूण एक जनावराच्या कानात बिल्ला मारायचा वरून हुकूम होता. तो फटफटीवरून उतरला, पिशवीतून पक्कड काढली आणि त्रेचाळीस बिल्ले ओट्यावर मांडून बसला.

"चला, हजर करा."

"काय?"

"हरणं. तुमच्या देखरेखीखालची. एकेक आणा, दावं धरून. लाथ मारत्यात का?"

"राधाकिशन, ती माळावर असतात."

"मग बोलवा. सेक्रेटरीचं ऐकत न्हाईत?"

मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. बिल्ले मात्र त्यानं तिथंच ठेवले, कारण त्याच्या रजिस्टरात ते आमच्या नावावर चढले होते.

दुसऱ्या दिवशी सहकार कचेरीतून सुंदरराव साहेबांच्या सहीचं पत्र आलं. दूध संस्थेनं पोटनियमात तरतूद नसताना हरणं पाळल्याबाबत सात दिवसांत खुलासा करावा, आणि सदर हरणांचं दूध संस्थेस मिळत असल्यास त्याची फॅट कळवावी. हे वाचून मी आयुष्यात पहिल्यांदा सरकारी कागदावर हसले. ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी वनरक्षक जालिंदर आले.

ते तरुण होते, सभ्य होते, आणि त्यांच्या हातात माझ्याच अक्षरातला ठराव होता.

"बाई, वन्यप्राणी ताब्यात ठेवणं गुन्हा हाय. लई कडक कायदा हाय."

"ताब्यात नाहीत हो."

"देखरेखीखाली त्रेचाळीस, निगेची संपूर्ण जिम्मेदारी, असं तुमीच लिवलंय. एवढी स्वच्छ कबुली मला नोकरीत पयल्यांदा भेटली." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "परवा उजाडताना पंचनाम्याला येतो. प्राणी कोंडलेले आढळले तर गुन्हा नोंदवावा लागंल. तुमच्यावर, चेअरमनवर, अन् जिम्मेदारी जिच्यावर सोपवली तिच्यावर."

मी शिवकन्येकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती.

जेवताना हे म्हणाले, "पोलिस चौकशीत नाव निघालं की पासपोर्ट गेला. पासपोर्ट गेला की केनिया गेलं." एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून लग्नाच्या वेळेलाही निघालं नव्हतं. मी ताट बाजूला सारलं. दुष्काळ तर सगळ्यांचाच होता, पण हे संकट माझं एकटीचं, माझ्या अक्षरातलं, माझ्या शिक्क्याचं. एका शब्दाच्या भारदस्तपणासाठी मी पोरीचं जग बंद करून बसले होते.

केशरबाईंना कळलं तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "अंगठा नको म्हणून म्या पन्नासाव्या वर्षी सही शिकले. ती ह्याच्यासाठी? माझी तूर खाणाऱ्यांपायी मी तुरुंगात जाऊ?"

शिवकन्या म्हणाली, "आजी, तुमीच या परवा. बघा तरी एकदा."

"येते की. त्या हरणांना तोंडावर बोलते."

ठरल्या दिवशी उजाडायच्या आधी आम्ही संस्थेच्या मागं तुराट्यांच्या कुडाआड बसलो. मी, शिवकन्या, केशरबाई, जालिंदर आणि पक्कड घेऊन राधाकिशन, कारण 'सगळी येणारच हायत तर माझंबी काम उरकंल.' मी उगाच नव्या लुगड्यात होते. पंचनाम्याला काय नेसावं याबद्दल वह्यांत काही लिहिलेलं नव्हतं.

पाण्याची पंचाईत आदल्या दिवशीच झाली होती. टँकर आलाच नव्हता. कॅन चारच, त्यामुळं विसळलेलं पाणी थोडं. शिवकन्येनं आपली अख्खी बादली ओतली तरी डोण पाऊणही भरली नव्हती.

राधाकिशननं बिडी काढली.

"काका, विझवा. वारं तिकडंच जातंय," शिवकन्या म्हणाली. त्यानं विझवली. केशरबाईंनी तोंड उघडलं, तर तिनं नुसता हात वर केला. आणि केशरबाई, ज्यांना आजवर तहसीलदारानंही गप केलं नव्हतं, त्या गप झाल्या. मग तिनं जालिंदररावांना खाली बसा म्हणून खूण केली, आणि खाकी कपड्यातला तो माणूस मातीत बसला. मी माझ्या पोरीकडं बघत राहिले. ही कधी एवढी मोठी झाली आणि त्या वेळेला मी कुठली कॅन विसळत होते?

बराच वेळ काही नाही. माळ राखाडी होता, मग पिवळा झाला. जालिंदर घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, आज येणारच नाहीत. चार महिने रोज आली आणि आज, सरकारसमोर, गैरहजर. मी मनातल्या मनात खुलासा लिहायला घेतला.

आणि मग माळानंच एक पाऊल टाकलं.

मला तसंच दिसलं. मातीच्या रंगाची एक हरणी मातीतून सुटी झाली आणि उभी राहिली. "ती म्हातारी," शिवकन्या ओठ न हलवता म्हणाली. "आधी ती बघणार." म्हातारीनं बघितलं. आमच्याकडंच, कुडाच्या फटीतून सरळ माझ्या डोळ्यात. मी श्वास कुठं ठेवला ते मला आठवत नाही. तिनं कान हलवला आणि तिच्यामागं एकेक करून माळ उठायला लागला. दोन, पाच, अकरा. पाडसं, ज्यांच्या पायांना अजून आपण किती लांब आहोत ते कळलेलं नव्हतं. ती आधी आली. आया मागं थांबल्या. कुणी ढकललं नाही, कुणी नंबर मोडला नाही, कुणी भांडं आदळलं नाही. पाडसांचं झाल्यावर आया. एवढी सगळी तोंडं पाण्याला लागली तेव्हा एक बारीक आवाज झाला, नवं धान्य सुपातून खाली पडतं तसा. बाकी सगळा माळ शांत.

मी पंचवीस वर्षं त्या माळाला पाठ करून चूल पेटवत होते. एवढं सगळं माझ्या पाठीमागं रोज होत होतं.

राधाकिशनच्या हातातली पक्कड कधीच पिशवीत गेली होती. जालिंदररावांच्या ओठांवर आकडे होते, पण ते बत्तिसाला थांबले. पुढं ते नुसते बघत होते.

सगळ्यात शेवटी तो आला. वरून काळा, पोटाला पांढराशुभ्र, पिळाची शिंगं, त्यातलं एक अर्ध्यावर तुटलेलं. इतका वेळ तो लांब उभा राहून चारी दिशांना बघत होता. "तुटक्या," शिवकन्या म्हणाली. "तो रोज शेवटी पितो." तो डोणीशी आला आणि त्यानं मान खाली घातली.

डोणीत काही नव्हतं.

त्यानं ओला दगड चाटला. एकदा, दोनदा. मग मान वर केली, थोडा वेळ तसाच थांबला, आणि कळपामागं चालत निघून गेला. पळाला नाही. चालत गेला.

आम्ही पाचही जण बसून राहिलो. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सगळ्यात आधी त्याच बोलल्या, पण इतक्या हळू की मला तो आवाज ओळखू आला नाही.

"शेवटच्याला उरलं न्हाई गं."

मग नाक पुसलं, आणि नेहमीचा आवाज परत आला. "मुक्ते, वही काढ. लिही. उद्यापासनं टँकरच्या माझ्या घागरीतल्या दोन घागरी हितं पडतील. सूचक मीच, अनुमोदकबी मीच."

"एकच माणूस दोन्ही होत नाही, मावशी. पोटनियमात—"

"अनुमोदक मी," राधाकिशन म्हणाला. तो संस्थेचा सभासद नव्हता, बाई तर नव्हताच. मी लिहून घेतलं.

जालिंदररावांनी तिथंच गुडघ्यावर पंचनामा लिहिला. राधाकिशन आणि केशरबाई पंच. मला तो पाठ आहे. 'सदर प्राणी कोठेही बंदिस्त नाहीत. संख्या, कु. शिवकन्या यांच्या नोंदवहीप्रमाणे, त्रेचाळीस. प्राणी माळावरून स्वतःहून आले, शिस्तीने पाणी प्याले व गेले. मालक कोणी आढळला नाही. गुन्हा दिसून येत नाही.' शिक्का मारायच्या आधी त्यांनी पेन थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ घातली. 'एका नरास पाणी कमी पडले.'

"बाई, तुमच्या ठरावापेक्षा बरा झालाय का?" त्यांनी विचारलं. मला मान्य करावं लागलं. सगळं होतं, आणि भारदस्त शब्द एकही नव्हता.

तो पंचनामा बंकटनं केनियाला धाडला. म्हणाला, "लोकांकडं नुसती सर्टिफिकिटं असत्यात, आपल्याकडं सरकारी पंचनामा हाय." पोलिस चौकशीला आलेल्या हवालदारालाही मी तोच दाखवला. त्यानं तो दोनदा वाचला आणि माळ कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.

पंधरा दिवसांनी फोनवर मुलाखत झाली. समोर मुएनी मॅडम, कॅम्पच्या प्रमुख. शिवकन्येनं नंतर सांगितलं की त्यांनी शेवटी एकच प्रश्न विचारला. कागदात लिहिलंय एकाला पाणी कमी पडलं, मग पुढं काय केलं? तिनं दोन घागरींचा ठराव सांगितला. त्या बाई म्हणाल्या, ये.

ती गेली त्या दिवशी ह्यांनी बीडच्या स्टँडवर तिला गाडीत बसवलं, डबल बेल दिली, ती गाडी त्यांची नव्हती तरी. सुंठ बरोबर होती.

तिचा व्हिडिओ कॉल संध्याकाळच्या दुधाच्या वेळेला येतो. एकदा तो नेमका भर रांगेत आला. मी फोन कॅनवर टेकवून ठेवला आणि बाया गोळा झाल्या. तिकडं ऊन होतं, लाल माती होती आणि पाण्याचं एक मोठं टाकं. शिवकन्या टोपी घालून म्हणाली, "गप बसा सगळ्या. आल्या."

हत्तिणी आल्या. फोनचा पडदा तळहाताएवढा, पण आम्ही सगळ्या जणी एक पाऊल मागं सरलो. पिल्लं आधी. आया मागं. सोंडा पाण्यात गेल्या आणि त्या तेवढ्याशा पडद्यातून आमच्या ओट्यावर पाणी ओढल्याचा आवाज आला. गाडीवाला हॉर्न मारायचा थांबला आणि उतरून आमच्या मागं येऊन उभा राहिला. सरूबाईंनी हात जोडले.

केशरबाई फोनच्या अगदी जवळ वाकल्या.

"शिवे, शेवटच्याला उरतं का गं?"

तिनं फोन फिरवला. लांबून एक सुळा तुटलेला म्हातारा हत्ती सावकाश येत होता. तो आला, त्यानं सोंड बुडवली आणि प्याला. बराच वेळ प्याला. आम्ही मोजत नव्हतो.

"उरतं, आजी."

केशरबाईंनी मान हलवली. मग पदर खोचला आणि आपल्या दोन घागरी उचलून संस्थेच्या मागं गेल्या.

मी वही उघडली. ठराव क्रमांक अकरा. 'आज रोजी सायंकाळी संस्थेच्या सभासदांनी केनिया येथील हत्ती पाणी पिताना पाहिले. शेवटच्याला पुरले. सर्वानुमते पाहिले.' खाली डाव्या अंगाला, हाताच्या सवयीनं, 'प्रत माहितीस्तव' असं लिहून झालं. पेन पुढच्या नावासाठी टेकलं, थांबलं, आणि मी लिहिलं, 'कोणासही नाही.'